फुटबॉलमध्ये व्हीएआर असूनही चुका होतात, मग जबाबदार कोण?

ऑफसाइडवाला: मला एक कळत नाही, व्हीएआर म्हणजे एवढे कॅमेरे, वेगळ्या रूममध्ये बसून रिप्ले बघणारे रेफरी, तरी घोळ होतोच कसा? २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या डियाझचा चांगला गोल गेला तो गेलाच ना. यात टेक्नॉलॉजी गंडली की माणसं?

डावा_बॅक: तिथे माणसंच गंडली रे. मैदानावर ऑफसाइड (पास सुटताना खेळाडू बचावपटूंच्या पुढे, म्हणून गोल बाद) दिलेला, आणि व्हीएआरवाल्याला वाटलं गोल दिलाय, म्हणून तो 'चेक कम्प्लीट' बोलून मोकळा झाला! रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं पण तोवर फ्री किक घेऊन खेळ सुरू झालेला, आणि नियमाने मागे जाता येत नाही. नंतर ऑडिओ बाहेर काढला, चूक मान्य केली, पण पॉइंट कोण परत देणार.

गोललाइन: मशीनही धुतल्या तांदळाचं नाही हां. २०२० ला ॲस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड मॅचमध्ये कीपर बॉल घेऊन सरळ गोललाइनच्या आत, तरी गोल झाला की रेफरीला सांगणारं घड्याळ वाजलंच नाही, कारण सातही कॅमेऱ्यांसमोर खेळाडू आणि पोस्ट आलेले. व्हीएआरनेही काही केलं नाही. मॅच ०-०.

डावा_बॅक: आणि स्क्रीनवर आखतात ती ऑफसाइडची रेघ! पास नेमका कधी सुटला ते व्हिडिओची फ्रेम बघून ठरवायचं; सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर जोरात पळणारा खेळाडू दोन फ्रेममध्ये २० सेंटिमीटर सरकतो, आणि हे लोक अंगठ्याएवढ्या फरकावर गोल रद्द करतात.

ऑफसाइडवाला: बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

गोललाइन: म्हणून तर २०२२ च्या वर्ल्डकपला बॉलमध्येच सेन्सर टाकला, पास कधी सुटला ते कळायला सेकंदाला ५०० वेळा डेटा देणारा. पण व्हीएआर रूममधलं बोलणं मॅच चालू असताना ऐकू द्या ना, रग्बीत देतात की!