मदत हवी आहे: टायलरच्या 'अनाहुआक'मधला नकाशा फाटलाय

पानगळ: मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरचं मेक्सिकोच्या प्रवासाचं जुनं पुस्तक, 'अनाहुआक'. नकाशा फाटलाय, वर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली आहे. चित्रांवर तपकिरी ठिपके. काय करू? लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.

कागदकाम: पट्टी प्लास्टिकची की कागदी? फाटलाय तो घडीवर की मधेच? मागे कापड आहे का? आणि प्रत १८६१ची लंडनचीच ना?

निळू: फेविकॉल पातळ करून मागून ट्रेसिंग पेपर लावा. दहा मिनिटांचं काम.

कागदकाम: निळूभाऊ, फेविकॉल नको! वाळला की सुटत नाही, जोड कडक होतो आणि पुढची घडी त्याच्या कडेलाच फाटते. गव्हाच्या स्टार्चची खळ हवी, मैद्याची नव्हे.

ग्रंथकीटक: टायलर १८५६मध्ये संग्राहक हेन्री क्रिस्टींबरोबर मेक्सिकोत हिंडले, त्याच वाटा या नकाशात आहेत. क्रिस्टींचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमला गेला. विकणार असाल तर नकाशाशिवाय भाव पडतो.

पानगळ: विकायचं नाहीये. पट्टी प्लास्टिकची, पिवळी पडलेली. घडीवरच फाटलाय, मागे कापड नाही. हो, १८६१.

कागदकाम: मग पट्टी ओढू नका, शाई सोबत येईल. एक टोक हलक्या कोमट हवेने सैल करा, बोथट पातळ पात्याने जवळजवळ आडवं धरून उचला. वर राहिलेला चिकटा क्रेप रबराने (चिकटा पुसायचा खोडरबर) निघतो. कागदात मुरलेला डाग संवर्धकावर (जुने कागद दुरुस्त करणारा तज्ज्ञ) सोडा, घरी अ‍ॅसिटोन चोळू नका.
खळ: १ भाग स्टार्च, ५ भाग पाणी. मंद आचेवर अर्धा तास ढवळा, गार झाल्यावर चाळणीतून दोनदा काढा, लावताना दह्याइतकी पातळ करा. कोझो टिश्यू (कोझोच्या सालीचा पातळ जपानी कागद) चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅमचा, त्याची पट्टी कापायची नाही, ओल्या रेघेवर फाडायची. सुटे तंतू कागदात मिसळतात, कड उमटत नाही. नकाशाच्या मागून लावा. वर-खाली पॉलिस्टरचं न चिकटणारं कापड, मग टीपकागद, वर वजन. टीपकागद पहिल्या तासात दोनदा बदला, नाहीतर कागद सुरकुततो.

मावशी_ठाणे: कपाटात डांबर गोळ्या टाका, ठिपके जातील.

कागदकाम: मावशी, गोळ्यांनी ठिपके जात नाहीत, फक्त वास बसतो. ब्लीचही नको, तंतू ठिसूळ होतात. ठिपके राहू देत; हवेतली आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली ठेवली की वाढत नाहीत. ६५च्या वर बुरशी धरते.

पानगळ: कोझो नाही मिळाला तर?

कागदकाम: तोवर नकाशा उघडूच नका. आम्लरहित कागदात गुंडाळून पुस्तकातच आडवा ठेवा. आणि चित्रं सगळी आहेत का, ते सुरुवातीच्या चित्रसूचीशी ताडून बघा.