मदत हवी आहे: तारा छेडायची चांगली पिक कुठली घेऊ? खटखट फार येतेय, शनिवारी प्रोग्राम आहे

जुनी_इंदौर
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. चांगल्यातली चांगली पिक कुठली ते सांगा. पैशाचा प्रश्न नाही (म्हणजे आहे, पण बघू). वाजवताना सुरापेक्षा पिकचीच खटखट जास्त ऐकू येते, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर कोणीतरी टाइपरायटर बडवतंय असं वाटतं, त्यात जोडतारा, म्हणजे अजूनच. राजवाड्याजवळच्या एका दुकानात गेलो तर त्याने काउंटरवरची बरणी पुढे सरकवली, "भिया कोई सी भी ले लो, सब सेम है." शनिवारी कॉलनीच्या मंडळात वाजवायचंय. लेक्चर नको, नाव आणि जाडी सांगा फक्त.

स्ट्रमिंग_सम्राट
डनलॉप टॉर्टेक्स घे, पिवळी, ०.७३ मिमी. डोळे झाकून. रंगावरून जाडी कळते, लाल ०.५०, ऑरेंज ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.०, जांभळी १.१४. घामाने सटकत नाही. मी कॉलेजपासून पिवळीच वापरून राहिलोय, कधी तक्रार नाही.

सुदामानगरी
जोडतारा म्हणजे बारा तारांचं गिटार ना? मग पिवळी पण जाड होईल, ऑरेंज घे. बारा तारांवर जाड पिक फिरवली की मनगट गेलंच म्हणून समज. आणि कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावत असशील तर चांगला लाव, स्वस्तातला कॅपो जोडीतली एक तार दाबतो आणि एक सोडून देतो, मग बेसूर वाजतं आणि लोक पिकला शिव्या देतात.

जुनी_इंदौर
कॅपोचं कोणी विचारलंय? गिटार कुठून आलं मध्येच? मँडोलिन आहे. जोडतारा लिहिलंय की वर.

सुदामानगरी
बारा तारांच्या गिटारला पण जोडताराच असतात भिया. मनातलं कसं वाचायचं आम्ही.

बडोदेकर_वादक
दादा, मँडोलिन असेल तर वरची दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा. आधी सांगा, आता कुठली पिक आहे, किती जाड? तारा कुठल्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, आणि कधी बदलल्यात? खटखट जाड तारांवर जास्त का बारीक? आणि सुट्टे सूर वाजवताना येते का ट्रेमोलोत (एकच सूर भरभर वर-खाली छेडताना)? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

जुनी_इंदौर
पिक दुकानातलीच, वर थिन लिहिलंय. तारा आहेत त्या आहेत. खटखट सगळीकडे येते, ट्रेमोलोत जास्त. आता सांगा.

बडोदेकर_वादक
थिन म्हणजे अर्धा मिलिमीटरच्या आसपास धरा. मँडोलिनची तार लांबीला तोकडी, जेमतेम चौदा इंच, आणि ताण भरपूर, वर जोडीजोडीने आठ तारा. असल्या ताणापुढे पातळ पिक आधी वाकते, मग उशिरा सुटते आणि सुटताना फटकन आवाज करते. ट्रेमोलोत हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं, त्याचीच खटखट. गिटारवाले पातळ पिक घेतात कारण त्यांना कॉर्ड मऊ वाजवायचे असतात. मँडोलिनला उलटं, जाड आणि गोल कोपऱ्याची. १.४ ते १.५ मिमी, मोठी तिकोनी.

स्ट्रमिंग_सम्राट
१.५?? ती पिक आहे का फरशीचा तुकडा? एवढ्या जाडीने तार तुटेल.

बडोदेकर_वादक
नाही तुटत. जाड पिक वाकत नाही म्हणून उलट कमी जोर लागतो. पकड सैल ठेवायची, लवचिकपणा पिकमध्ये नाही, अंगठ्यात आणि मनगटात पाहिजे.

टोनशोधक
बजेट खरंच असेल तर इकडे तिकडे न बघता ब्लू चिप. अमेरिकेतल्या टेनेसीत बनते, खास कठीण मटेरियलची. अमेरिकन मँडोलिनवादक क्रिस थिलीच्या नावाचं त्यांचं मॉडेल आहे सीटी ५५, म्हणजे इंचाचे पंचावन्न हजारांश, १.४ मिमी. खटखट नाही, झीज जवळपास नाही, तारेवरून अशी सरकते की पहिल्यांदा हातातून निसटल्यासारखंच वाटतं. एका पिकला ३५ डॉलरच्या वर पडतात, पोस्ट आणि कस्टम वेगळं. आणि बेव्हल (कडेचा उतार) बघून मागवा, उजव्या हाताचा वेगळा, डाव्याचा वेगळा.

स्ट्रमिंग_सम्राट
एका पिकला तीन हजारांच्या वर! आणि सराफ्यात गर्दीत खिशातून पडली की संपलं. तीन हजारात नव्या तारांचे सहा सेट येतात.

टोनशोधक
मी वर्षानुवर्षं एकच वापरतोय, हरवली नाही. ज्याला पिक सांभाळता येत नाही त्याने बरणीतल्याच घ्याव्यात.

लष्करकर_ग्वाल्हेर
बाबांनो, कुठे टेनेसी आणि कुठे काय. आमच्या ग्वाल्हेरात सरोद पिढ्यान् पिढ्या नारळाच्या करवंटीच्या जव्याने, म्हणजे सरोदच्या पिकने, वाजतोय. हाफिज अली खाँसाहेबांचं घर इथेच, आता तिथे सरोद घर म्हणून संग्रहालय आहे, एकदा येऊन बघा. करवंटी घ्या, तिकोनी कापा, पॉलिशपेपरने घासा, आधी खरखरीत मग बारीक, शेवटी खोबरेल तेलाचा हात. खर्च शून्य, आवाज गोल आणि भरीव. प्लास्टिकला ती उब नाही येत. मी स्वतः मँडोलिनवर वाजवून बघितलंय.

बडोदेकर_वादक
काका, सरोदला जवा उत्तमच. पण तिथे पडदेच नाहीत आणि मुख्य तारा एकेकट्या, एकदा छेडली की सूर बराच वेळ टिकतो. मँडोलिनचा सूर लगेच विझतो, म्हणून तर ट्रेमोलो करावा लागतो. जव्याची जाडसर कड त्या जोडीत अडखळते, शिवाय करवंटीला मुळात बाक असतो. आणि हल्ली बरेच सरोदवाले डेलरिनचाही जवा वापरतात, म्हणजे ते प्लास्टिकच झालं.

लष्करकर_ग्वाल्हेर
वापरत असतील. म्हणून आवाजही तसलाच येतो. बाक घासून जातो, कष्ट करायची तयारी पाहिजे.

चतुर_चिमणराव
करवंटी, अमेरिका, एवढं सगळं कशाला? मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापा. दोन कार्ड फेव्हिक्विकने चिकटवली की दीड मिलिमीटर, पाहिजे ती जाडी, फुकटात. मी गणपतीत आख्खी आरती असल्या पिकने वाजवली.

टोनशोधक
कार्ड पीव्हीसीचं असतं, मऊ. दोन दिवसांत कड झिजून खडबडीत होते आणि गुंडाळलेल्या तारेवर चीं चीं करते. खटखट जाऊन चीं चीं आली म्हणजे काय कमावलं?

चतुर_चिमणराव
दोन दिवसांनी दुसरं कार्ड कापायचं. बँका पाठवतातच.

माळव्याची_लेक
विषय मँडोलिनचा निघालाय म्हणून लिहिते, किती जणांना माहितीये की हिंदी सिनेमाचे संगीतकार सज्जाद हुसेन, जे मँडोलिनवर मींड, गमक सगळं काढायचे, ते मूळचे सीतामऊचे, आपल्या माळव्यातलेच, जन्म १९१७? पडद्यांच्या वाद्यावर शास्त्रीय संगीत वाजत नाही म्हणणाऱ्यांना त्यांनी गप्प केलं. इंदूरमध्ये त्यांच्या नावाचा चौक तरी असायला हवा होता असं मला वाटतं.

सुदामानगरी
ताई मस्त माहिती. मग ते मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे यू. श्रीनिवास कुठली पिक वापरायचे? तीच घ्यावी म्हणतो मी, डोकंच नको लावायला.

माळव्याची_लेक
श्रीनिवासांचं इलेक्ट्रिक होतं आणि तारा पाच, एकेकट्या. जोड्याच नाहीत, तर त्यांची पिक इथे लावून काय उपयोग. माझ्या आजोबांकडे कासवाच्या पाठीची पिक होती, पिवळी-तपकिरी, उन्हात धरली की मधासारखी दिसायची. तसा आवाज मी नंतर कुठल्याच पिकमधून ऐकला नाही.

चतुर_चिमणराव
ती विकणार का?

बडोदेकर_वादक
अहो विकायचं नाव काढू नका. ते हॉक्सबिल कासव, त्याच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत येतं. दुकानात "टॉर्टॉइज" लिहिलेली जी चट्टेपट्टेवाली पिक मिळते ती निव्वळ सेल्युलॉइड, दिसायला तशी.

टोनशोधक
आणि सेल्युलॉइड घासताना जपून, पेटतं ते. जुन्या सिनेमाच्या रिळांचं तेच मटेरियल.

नवी_आई_विजयनगर
नमस्कार, मध्येच विचारते, माझ्या मुलाला गिटार शिकायचंय, वय ८, विजयनगरच्या बाजूला चांगला क्लास आहे का कुठला? संध्याकाळी सहानंतरचा.

जुनी_इंदौर
अहो सगळे मिळून माझा धागा कुठल्या कुठे घेऊन गेलात. कासव झालं, एटीएम झालं, आता क्लास. मी मगाशी हट्टाने दुसऱ्या दुकानातून १.१४ जांभळी आणली. खटखट कमी झाली पण गेली नाही. म्हणजे जाड पिकची थिअरी पण फेल ना? आणि एक गंमत, मऊ वाजवलं तरी येते, सगळ्यात बारीक तारांवर तर नक्की येते.

बडोदेकर_वादक
मऊ वाजवलं तरी? थांबा. हात कुठे ठेवता? पुलाजवळ (तारा डब्यावर टेकतात तिथे) का पडद्यांकडे? आणि वाद्याचा एक फोटो टाका, पडद्यांची पट्टी जिथे संपते तिथला.

जुनी_इंदौर
फोटो कशाला? पट्टी संपते तिथेच वाजवतो, आवाज तिथे गोड येतो. बरं हा घ्या फोटो.

बडोदेकर_वादक
दिसलं. तुमच्या मँडोलिनची पट्टी साउंडबोर्डावर (डब्याच्या वरच्या फळीवर) पुढे आलेली आहे, शेवटचे पाच-सहा पडदे त्या शेपटीवर आहेत. तुम्ही नेमकं त्यांच्यावरच वाजवताय. पिकचं टोक तारेखालून जाऊन त्या पडद्यांना लागतंय, खटखट तीच. पातळ पिकचा फटका वेगळा, हे वेगळं. फार जणांना होतं हे, काही वादक तर ती शेपटी कारागिराकडून खोल करून घेतात, पण आता त्यात पडू नका. हात बोटभर पुलाकडे सरकवा आणि पिक बोटांबाहेर कमी काढा, दाण्याएवढं टोक पुरे.

टोनशोधक
वा. हे खरंच सुचलं नव्हतं.

स्ट्रमिंग_सम्राट
म्हणजे पिवळी पण चालली असती.

बडोदेकर_वादक
नाही, पिवळी नाही चालणार, ट्रेमोलो तरीही फटफट करेल. दोन्ही गोष्टी पाहिजेत.

जुनी_इंदौर
सरकवला. पडद्यांवरची टकटक गेली. आवाज थोडा टोकदार झालाय आणि ट्रेमोलोत अजून खरखर उरलीये. पण मी पहिल्याच पोस्टमध्ये एक साधं नाव विचारलं होतं, ते अजून कोणी नीट दिलेलं नाही.

बडोदेकर_वादक
घ्या नाव. डनलॉप प्रायमटोन, १.४, मोठी तिकोनी, कड घासून पॉलिश केलेली येते. शनिवारपर्यंत मिळाली नाही तर त्याच जांभळीचं टोक वापरू नका, ती फिरवून मागचा गोल खांदा तारेवर आणा. टोकदारपणा तिथेच निम्मा जाईल. तारांवर गंज असेल तर नवा सेट पण घाला, ११ ते ४० गेजचा, फॉस्फर ब्राँझ, पण प्रोग्रामच्या दिवशी नाही, आधी, नव्या तारा उतरत राहतात.

लष्करकर_ग्वाल्हेर
माझ्याकडे तयार केलेले तीन जवे आहेत. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, कुरियर करतो. ऐकून मग बोला.

जुनी_इंदौर
काका पाठवा, नाही म्हणत नाही. खांद्याने वाजवून बघितलं, पहिल्यापेक्षा बराच फरक आहे, बारीक तारा पण टोचत नाहीयेत. प्रायमटोन ऑर्डर केली, डिलिव्हरी मंगळवार दाखवतोय. तारा उद्या बदलतो. आता माइक कसा ठेवायचा ते सांगा, मंडळाकडे एकच आहे, निवेदकाचा.

टोनशोधक
गोल छिद्रासमोर नको, घुमेल. मान जिथे डब्याला जोडली जाते तिकडे तोंड करून ठेव, वीतभर लांब. आणि मिक्सरवाल्याला सांग, ट्रेबल कमी कर, त्याला विचारू नको, सांग.

नवी_आई_विजयनगर
माझ्या क्लासचं कोणी बघितलं का?

सुदामानगरी
ताई, व्यनि केलाय. तो सर मँडोलिन पण शिकवतो.