हॅवलॉक की नील? सोबत आई, तिचे गुडघे आणि स्कूबासाठी हटून बसलेला मुलगा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत अंदमानला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढून झालीत, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न नाही. प्रश्न पुढचा आहे आणि त्यावरून घरात रोज जेवताना वाद चाललेत.

आम्ही चौघं. नवरा, मी, अकरावीतला मुलगा आणि माझी आई. आईचं वय ७१. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. सपाटीवर चालते, पण सावकाश. जिन्याला कठडा लागतो. तिला बोट लागते हे आम्हाला मांडव्याला जातानाच कळलंय.

सुरुवातीची आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायचीच आहे, आई निम्मी त्यासाठीच येतेय. मधल्या चार रात्री बेटांवर. एजंटने हॅवलॉक तीन, नील एक असा आराखडा दिलाय. नीलला दुपारी उतरायचं, भरतपूरचा किनारा, नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान), लक्ष्मणपूरचा सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सीतापूरचा सूर्योदय आणि तिथून थेट बोट. नुसतं वाचूनच मला धाप लागली.

गंमत म्हणजे नवरा आणि मुलगा दोघंही एकच वाक्य बोलतात: "नीलवर काहीच नाही." नवरा त्यापुढे म्हणतो, म्हणून तिथेच राहू. मुलगा म्हणतो, मग जायचं कशाला?

मला खरंच आराम हवाय. उठा, तयार व्हा, गाडीत बसा हा प्रकार नकोय. पण मुलगा खोलीत मोबाइल घेऊन पडून राहिला तरी मलाच त्रास. तर दोन्ही बेटांवर राहून आलेल्यांनी सांगा: रात्रींची वाटणी कशी करावी? आधी कुठलं बेट? आणि आईला कुठे नेऊ नये?

खारा_वारा

ताई, एजंटचा क्रम बरोबर आहे, वाटणी चुकली आहे. दोन-दोन करा.

क्रम का, ते आधी. मुलगा स्कूबा करणारच. ते झाल्यावर लगेच विमानात बसत नाहीत, निदान १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून पाण्याखालची कामं हॅवलॉकला सुरुवातीलाच उरकायची. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक सोबत धरून नेतो. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतात. त्यात घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. दमा, कानाचं दुखणं असलं काही असेल तर डॉक्टरांना विचारून ठेवा, तिथे फॉर्म भरून घेतात.

आता हॅवलॉक. गर्दी म्हणतात ती तिथे मुख्यतः दोनच ठिकाणी असते. पहिलं एलिफंट बीच. जेट्टीवरून स्पीडबोटीने जायचं, तिकडे स्नॉर्कलिंग, जेट स्की, सी-वॉक, लाइफ जॅकेट घातलेल्या माणसांचे थवे. आईंना तिथे अजिबात नेऊ नका. बोट हलत असताना चढायचं आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. जंगलातून चालत जायची वाट आहे, ती तर त्यांच्यासाठी नाहीच. बापलेकांना पाठवा, सकाळी लवकर.

दुसरी गर्दी राधानगरला. २००४ साली 'टाइम'ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं, २०२० साली स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅगही मिळाला, त्यामुळे अख्खं बेट सूर्यास्ताला तिथेच लोटतं. पण किनारा इतका लांबरुंद आहे की दोनशे पावलं बाजूला गेलात की मोकळं. गाडी जवळपर्यंत जाते, मागे उंच झाडांची दाट सावली आहे. आईंना सावलीत बसवलंत तर त्यांना उठावंसं वाटणार नाही. संध्याकाळऐवजी सकाळी जा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीच ऐकत नाही. पोहायचं ते आखून दिलेल्या भागातच. मगरींबद्दलचे फलक तिथे उगाच लावलेले नाहीत.

नीलवर एका दिवसात "सगळं बघून" होतं, म्हणून एजंट ते एका दुपारीत कोंबतात. जेट्टीपासून कुठलाही किनारा पाच-सहा किलोमीटरच्या आत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, केळी, सुपारी, वांग्या-भेंडीचे मळे. पोर्ट ब्लेअरची बरीचशी भाजी इथूनच जाते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं, त्यामुळे गावं रामायणातली आणि बोली बंगाली. लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कुठेच जायचं नसतं. ती सकाळ मिळवण्यासाठी दुसरी रात्र.

भटकभवानी

मी उलट सांगते. चारही रात्री हॅवलॉकला राहा.

दमणूक बेटामुळे होत नाही, बेट बदलण्यामुळे होते. बोटीच्या दिवशी सकाळी बॅगा भरा, खोली सोडा, तासभर आधी जेट्टीवर पोचा, ओळखपत्रं दाखवा, सामान तपासून घ्या, उन्हात रांग, मग बोट, मग पुन्हा सामान, पुन्हा टॅक्सी, आणि नवीन खोली दुपारशिवाय मिळत नाही. अर्धा दिवस खलास. वर तुमच्या आईंना बोट लागते.

हॅवलॉकमध्येही शांत जागा भरपूर आहेत. बाजार गोविंदनगरला, तिथे राहू नका. विजयनगरच्या पुढे, काला पत्थरच्या रस्त्याला राहा. समोर समुद्र आणि माडांची सावली. फक्त ओहोटीला तिथलं पाणी खूप आत जातं, पोहायचं असेल तर वेळ बघून.

आणि अकरावीतल्या मुलाचं नीलवर काय करणार? फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. घड्याळ आपलं, पण बेटं पार पूर्वेला. सहाला काळोख. हॅवलॉकला निदान कॅफे आहेत, जगभरचे डायव्हर येऊन बसलेले असतात, पोरगं रमतं. नीलवर बाजारात झालमुडी (बंगाली भेळ) खाऊन झाली की संपला कार्यक्रम. आम्ही आठ वाजता झोपलो होतो. मला ते आवडलं, माझ्या भाच्याला नाही.

खारा_वारा

@भटकभवानी, बोटीचा मुद्दा बिनतोड आहे, पण हिशेब पुरता मांडा. हॅवलॉकला जाऊन परत आलं तरी दोन फेऱ्या. मधे नील घातलं तर तीन, कारण नीलवरून थेट पोर्ट ब्लेअरला येता येतं. वाढते ती एकच, हॅवलॉक ते नील, आणि ती सगळ्यात छोटी, तासाभराच्या आत. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक वेगवान खाजगी बोटीलाही दीड तास लागतो, सरकारीला दोन-अडीच.

मीठभाकर

नॅचरल ब्रिजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तो लक्ष्मणपूर २ या किनाऱ्यावर आहे, काही जण हावडा ब्रिजही म्हणतात. तिथे फक्त ओहोटीला जायचं. भरतीला नुसता खडक लांबून बघून परत याल. जाताना मेलेल्या प्रवाळावरून आणि शेवाळलेल्या दगडांवरून चालावं लागतं, तरण्याताठ्या माणसांचे पाय घसरतात. आईंना नाही म्हणजे नाही.

मुलाला मात्र जरूर न्या, आणि स्थानिक गाइड घ्या. पाणी ओसरल्यावर दगडांमध्ये छोटी छोटी डबकी राहतात. तुम्हाला त्यात काहीच दिसणार नाही. गाइड वाकून बोट दाखवतो, मग कळतं की तो दगड नाही, समुद्री काकडी आहे, आणि त्या भेगेतून खेकडा आपल्याकडे बघतोय. शिंपल्याचे निळे-जांभळे ओठ उघडे असतात, सावली पडली की झटकन मिटतात. आमची पोरं एकेका डबक्यापाशी उकिडवी बसली ती उठेनात. प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालू नका, कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते, हे कोकणातल्यांना सांगायला नको. तारखा अजून हलवता येत असतील तर पंचांग बघा. आणि ओहोटीच्या वेळा पोर्ट ब्लेअरच्याच बघा, मुंबईच्या तिथे चालत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! मुलाला डबक्यांचा परिच्छेद वाचून दाखवला. "बरं" म्हणाला. आमच्याकडे हे खूप झालं.

भटकभवानी, सामानाचं वाचून पोटात गोळा आला, कारण बॅगा भरायचं काम कुणाकडे येतं ते तुम्हाला माहीतच आहे. तरी मी दोन-दोनकडे झुकतेय. आता आईपुरते तीन प्रश्न. बोट लागू नये म्हणून काय करता? ती शाकाहारी आहे, नीलवर हाल होतील का? आणि तब्येतीचं काही झालं तर?

भटकभवानी

बोट सकाळची घ्या, दुपारपेक्षा समुद्र बरा असतो. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध. गोळी डॉक्टरांना विचारून, बोटीत बसायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. बऱ्याच खाजगी बोटी पूर्ण बंद आणि गारढोण असतात, डेकवर सोडत नाहीत. ज्यांना मोकळी हवा लागते त्यांचा त्यात जीव गुदमरतो. उघडा डेक असलेली बोटही मिळते, एजंटला तसं स्पष्ट सांगा. आईंसाठी शाल हाताशी ठेवा.

तिकिटावर नील, हॅवलॉक शोधत बसू नका. २०१८ च्या शेवटी नावं बदलली. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना सगळे जुनीच वापरतात. माझ्यासमोर जेट्टीवर एक कुटुंब "आमचं तिकीट हॅवलॉकचं आहे, हे स्वराज कुठलं?" म्हणून भांडत होतं.

खारा_वारा

शाकाहाराची काळजी नको. भात, मुगाची डाळ, तळलेली वांगी, ताजी भाजी, सगळं साधं आणि गरम. मासे बाजूलाच शिजतात, ते आईंना चालत नसेल तर जेवण राहत्या ठिकाणीच सांगा. पोळी हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवा. रोख रक्कम हॅवलॉकलाच काढून घ्या, नीलवर एटीएमच्या भरवशावर राहू नका. समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल २०२० पासून हॅवलॉकला पोचली आहे, नीलवर मात्र पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं.

दोन्ही बेटांवर सरकारी आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचं काही असेल तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय, म्हणजे पुन्हा बोट. रोजची औषधं जास्तीची घ्या, आणि सगळी एकाच बॅगेत भरू नका.

शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र कुणी काहीही म्हटलं तरी काढू नका. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. जेलचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही त्या संध्याकाळी होईल.

धागाकर्ती

ठरलं. हॅवलॉक दोन, नील दोन. एजंट म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या दिवशी बोअर व्हाल." मी म्हटलं, त्याचेच पैसे देतेय.

नीलवर भरतपूरजवळ राहावं की लक्ष्मणपूरकडे?

मीठभाकर

भरतपूर. जेट्टी जवळ, किनाऱ्यावर शहाळीवाले आहेत, बसायला जागा मिळते. दिवसा काचेच्या तळाच्या बोटी आणि थोडा गोंगाट असतो, पण त्याही पाणी असेल तेव्हाच. दुपारनंतर पांगापांग होते. लक्ष्मणपूरला सूर्यास्तापुरतं रिक्षाने जा, वाळूतून थोडं चालावं लागेल.

बुकिंग करताना 'तळमजला' एवढ्यावर समाधान मानू नका. तिथल्या बांबूच्या झोपड्या खांबांवर असतात, तळमजल्यालाही चार-पाच पायऱ्या, त्याही बिनकठड्याच्या. पायऱ्या किती आणि न्हाणीघरात उंबरा केवढा, ते फोटो मागवून बघा.