मूळ 'पेलहॅम' चुकवू नका

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे ताब्यात घेऊन प्रवाशांना ओलीस धरणाऱ्या टोळीची गोष्ट म्हणजे 'पेलहॅम' ('द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री'). २००९ चा रिमेक पाहिला की १९७४ चा मूळ चित्रपट बघायची गरज नाही, असं कुणी म्हणतं ते अजिबात पटत नाही. रिमेकमध्ये दिग्दर्शक टोनी स्कॉटचा कॅमेरा क्षणभर स्वस्थ बसत नाही, आणि टोळीचा म्होरक्या झालेला ट्रॅव्होल्टा पहिल्यापासूनच पेटलेला. मूळ चित्रपटात म्होरक्या झालेला रॉबर्ट शॉ मोटरमनच्या केबिनमध्ये चक्क शब्दकोडं सोडवत बसतो. तासाभरात दहा लाख डॉलर, नाहीतर मिनिटाला एक प्रवासी मारणार, हे तो आवाजही न चढवता सांगतो. धडकी भरते ती त्यानेच.

रिमेकमध्ये टोळीशी बोलणी करणाऱ्या गार्बरमागे (डेन्झेल वॉशिंग्टन) लाचेचं लचांड लावलंय, ती भर मात्र झकास. १९९८ चा टीव्हीवाला 'पेलहॅम' सोडलात तरी चालेल.

मूळातल्या टोळीची नावं म्हणजे नुसते रंग: ब्लू, ग्रीन, ग्रे, ब्राऊन. टॅरॅन्टिनोच्या 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये पुढे हीच रीत दिसते. डेव्हिड शायरचं दणदणीत शीर्षकसंगीत हेडफोन लावून ऐका. मूळातला गार्बर झालेल्या वॉल्टर मॅथाऊच्या शेवटच्या चेहऱ्याबद्दल इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विरस होईल. फक्त मिस्टर ग्रीनच्या सर्दीकडे लक्ष ठेवा.