मदत हवी आहे: 'रीइटरेट' कधी वापरायचं आणि 'रिपीट' कधी?

मीटिंगमध्ये, ईमेलमध्ये सारखं 'आय वुड लाइक टु रीइटरेट' असं ऐकतो आणि वाचतो, मलाही वापरायचंय पण रिपीटपेक्षा त्यात वेगळं काय ते डिक्शनरीत बघून कळत नाहीये, दोन्हीपुढे 'पुन्हा सांगणे' एवढंच दिलंय. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर 'कुड यू रीइटरेट' म्हटलेलं चालेल का? पुढे 'अबाउट' लावायचं की 'दॅट'? शिवाय क्लायंटला पेमेंटची आठवण करून द्यायचीय, त्या मेलमध्ये घातलं तर उद्धट वाटेल का? प्लीज उदाहरणं देऊन सांगा.

प्रतिसाद १:
ऐकू आलं नाही तर 'कुड यू रिपीट दॅट' किंवा सरळ 'से दॅट अगेन' म्हणा, विमानाचे पायलटसुद्धा रेडिओवर 'से अगेन'च म्हणतात. रीइटरेट म्हणजे आधी मांडलेली गोष्ट जोर देऊन परत मांडणं, त्यामुळे पुढे मागणी, भूमिका, आश्वासन असं काहीतरी येतं, जसं 'शी रीइटरेटेड हर डिमांड'. चूक रिपीट होते, मालिकेचा एपिसोड रिपीट होतो, तिथे रीइटरेट अजिबात बसत नाही, ते फक्त बोलण्या-लिहिण्यापुरतं. 'अबाउट' नको, 'डिस्कस अबाउट'सारखीच ती चूक आहे. एक तर थेट नाम घ्या नाहीतर 'दॅट' लावून पूर्ण वाक्य, 'ही रीइटरेटेड दॅट द डेडलाइन वोन्ट चेंज'. आणि 'रीइटरेट अगेन' तर नकोच, त्यातला 'इटरेट' ज्या लॅटिन शब्दावरून आलाय त्याचा अर्थच 'पुन्हा', वर 'री' आहेच, म्हणजे तिसऱ्यांदा पुन्हा कशाला! बोलताना जोर 'री'वर नाही, त्यापुढच्या 'इ'वर द्या.

प्रतिसाद २:
वरच्या उत्तराशी सहमत. पेमेंटचं म्हणाल तर पहिल्याच आठवणीच्या मेलमध्ये नका घालू, कारण त्यात 'मी हे आधी सांगितलं होतं' हा सूर येतोच आणि समोरच्याला टोचतो. तिथे 'जस्ट अ रिमाइंडर' पुरे. दोन-तीन मेल जाऊनही उत्तर नसेल तर मात्र 'आय वुड लाइक टु रीइटरेट अवर रिक्वेस्ट फॉर पेमेंट' अगदी योग्य, ठाम आहे पण उद्धट नाही. आणि क्लायंटला मुद्दाच कळला नसेल, म्हणून वेगळ्या शब्दांत सांगायचं असेल तर 'रीस्टेट' वापरा.