शिंगराचं रक्त तपासायचं, की उठायची वाट बघायची?

लोहेकर: परवा काकांनी इथं टाकलं, 'आजारी शिंगराचं रक्त तपासणं म्हणजे डॉक्टरचा धंदा. उठलं तर आपलं, नाही तर देवाचं. पहिला चीक जड असतो, पिळून टाका.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. घोडीच्या पोटात शिंगराला रोगाशी लढायची ताकद जवळजवळ मिळतच नाही. ती चिकातून येते, तीही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतडं ती आत घेत नाही. मग सांधे सुजले की खंडोबाला नवस! रक्तात आयजीजी, म्हणजे ही लढायची ताकद देणारं प्रथिन, डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक. ४०० च्या खाली गेलं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, चढवायची वेळ येते. हे नुसतं बघून कळतं का?

काका: ४० वर्षं घोड्या सांभाळायलोय. तासात उभं, दोन तासांत आचळाला, बस. माळेगावच्या बाजारात घोडं अंगावरचा केसांचा भोवरा बघून घेतात, आयजीजी बघून नाही.

उदगीरची सून: काका, तासाचा हिशोब डॉक्टरही तोच सांगतात. पण आमचं उभं राहिलेलं शिंगरू दुसऱ्या रात्री आडवं झालं. सासूबाईंचं शुगरचं मशीन लावलं, ३८! डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं. लॅक्टेट, म्हणजे जीव धोक्यात आला की रक्तात वाढतं ते, ९ होतं, दुसऱ्या दिवशी ४. एका आकड्यावर जाऊ नका म्हणाले, उतरतोय का ते बघा.

काका: जगलं का?

उदगीरची सून: जगलं. खर्चात दुसरी घोडी आली असती, तेही खरं.

काका: हेच तर म्हणायलोय!

पाथरीकर: रक्ताचं राहू द्या. दहाव्या महिन्यातली घोडी डीजेपुढं नाचवतं कोण? अकरा महिन्यांचं गाभणपण, त्यात लग्नसराईत रात्रभर फटाके. मग शिंगरू अशक्त कामून म्हणून विचारायचं.

वरातवाला: तुझ्या भावाच्या लग्नात घोडी होती की ट्रॅक्टर?

पाथरीकर: ती गाभण नव्हती.

वरातवाला: तू तपासली होतीस? सुपारी घेताना कुणी पोट बघत नाही, रंग बघतात. पांढरीच पाहिजे म्हणतात. चारा तू घालणार का वर्षभर?

पाथरीकर: परवडत नसेल तर पाळू नको.

वरातवाला: शहाणपण घरी ठेव.

लोहेकर: अरे, विषय रक्ताचा होता.

वरातवाला: आधी ह्याचंच तपासा.

काका: भांडा तुम्ही. लोहेकर, माझी घोडी पाडव्याच्या आसपास व्यायची आहे. नाही टाकत चीक, खूश? जास्तीचा निघाला तर फ्रीजरमध्ये कशात ठेवू तेवढं सांग. भाषण नको.