कनेक्शनचे पर्याय कनेक्ट करतानाच द्यावेत की नंतर ‘सेट’ करावेत?

डिचोलीकर
आमच्या पतसंस्थेचा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसचा सर्व्हर पणजीच्या मुख्य कार्यालयात आहे, आणि डिचोली व साखळी शाखांतील विंडोज संगणकांवर पायथनमधला, सायकोपजी ३ (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरणारा प्रोग्रॅम चालतो. पावसाळ्यात इंटरनेटची लाइन मध्येच तुटली की काउंटरसमोर ग्राहक उभा असताना स्क्रीन गोठून राहतो आणि एररही येत नाही. उपाय म्हणून कनेक्शन होताच ‘सेट स्टेटमेंट_टाइमआउट = ३००००’ ही क्वेरीला वेळेची मर्यादा घालणारी कमांड पाठवतो. तथापि एखादी क्वेरी फसल्यानंतर ‘शो’ कमांडने चालू मर्यादा पाहिली तर तिथे पुन्हा शून्य दिसते, आणि गोठणे तर थांबलेलेच नाही. हे पर्याय नेमके कुठे द्यावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

म्हापसेकर
हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सायकोपजीत ऑटोकमिट (प्रत्येक कमांड लगेच कायम करणे) मुळात बंद असतो, त्यामुळे पहिल्या कमांडबरोबरच ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या कमांडचा गट) सुरू होते. आपले ‘सेट’ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये असते आणि कमिट होण्याआधी क्वेरी फसून रोलबॅक झाला, की तेही मागे घेतले जाते. म्हणून कनेक्ट फंक्शनलाच ऑप्शन्स या पॅरामीटरमधून ‘-सी स्टेटमेंट_टाइमआउट=३००००’ द्यावे; ते सेशन सुरू होतानाच लागू होते आणि रोलबॅकने जात नाही.

गोठण्याचे कारण मात्र निराळे आहे. स्टेटमेंट_टाइमआउट सर्व्हरवर मोजला जातो. लाइन तुटली असेल तर पणजीचा सर्व्हर क्वेरी वेळेवर रद्द करील, पण ती रद्द झाल्याचा निरोप डिचोलीपर्यंत पोहोचणार कसा? क्लायंट उत्तराची वाट पाहत बसतो. कीपअलाइव्ह (लाइन जिवंत आहे का याची अधूनमधून होणारी तपासणी) सुरू असते हे खरे, परंतु पहिली तपासणी होण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम साधारणपणे २ तास थांबते, आणि तोवर शाखा बंद झालेली असते. यासाठी कीपअलाइव्ह्ज_आयडल (पहिल्या तपासणीपूर्वीचे सेकंद) ३० आणि कीपअलाइव्ह्ज_इंटरव्हल (पुढच्या तपासण्यांमधले सेकंद) ५ असे द्यावे. टीसीपी_यूजर_टाइमआउटची शिफारस अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण तो विंडोजवर लागू होत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नये.

कनेक्ट_टाइमआउटही द्यावा, कारण तो न दिल्यास कनेक्शन जुळण्याची फार वेळ वाट पाहावी लागू शकते. फक्त एककाकडे लक्ष असू द्यावे: स्टेटमेंट_टाइमआउटचा नुसता आकडा मिलिसेकंदांत धरला जातो, तर कनेक्ट_टाइमआउटचा सेकंदांत. पाच सेकंदांसाठी तिथे ५००० लिहिले, तर ती मर्यादा ८३ मिनिटांहून अधिक होते.

मांडवीकाठ
वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र स्टेटमेंट_टाइमआउट प्रत्येक शाखेच्या प्रोग्रॅममध्ये लिहिणे मला पटत नाही. मर्यादा बदलायची झाली की प्रत्येक संगणकावर नवी आवृत्ती चढवावी लागेल. ‘ऑल्टर रोल … सेट’ ही कमांड शाखांच्या रोलसाठी (डेटाबेसमधील वापरकर्ता-खात्यासाठी) एकदा दिली, की त्यापुढच्या प्रत्येक नव्या सेशनला ती मर्यादा आपोआप मिळते. एखाद्या क्लायंटने ऑप्शन्समधून वेगळी किंमत पाठवलीच, तर रोलच्या किमतीपेक्षा ती वरचढ ठरते. कनेक्ट_टाइमआउट आणि क्लायंटचे कीपअलाइव्ह सर्व्हरवरून ठरवता येत नाहीत. ते प्रोग्रॅममध्येच हवेत.

पुढेमागे मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून वापरू देणारा मधला प्रोग्रॅम) बसवणार असाल, तर हा मार्ग अधिकच सोयीचा ठरेल. ऑप्शन्समध्ये स्टेटमेंट_टाइमआउट दिसला की पीजीबाउन्सर कनेक्शन नाकारतो. त्याच्या इग्नोर_स्टार्टअप_पॅरामीटर्स या (दुर्लक्ष करायच्या पर्यायांच्या) यादीत तशी नोंद करून कनेक्शन चालू करून घेतले, तर मर्यादा निमूटपणे वगळली जाते, आणि हे अधिक वाईट.

डिचोलीकर
आपणां दोघांचेही आभार. मर्यादा रोलवर ठेवून बाकीचे पर्याय प्रोग्रॅममध्ये देतो. एक शंका उरते: ३१ मार्चला ठेवींवरील व्याजाची आकारणी याच रोलने होते आणि तिला ३० सेकंद पुरत नाहीत. त्यासाठी निराळा रोल करावा का?

मांडवीकाठ
तेवढ्यासाठी त्याची गरज नाही. आकारणीच्या ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला ‘सेट लोकल स्टेटमेंट_टाइमआउट’ वापरून मोठी मर्यादा द्यावी. कमिट किंवा रोलबॅक होताच ती जाते आणि रोलची ३० सेकंदांची मर्यादा पुन्हा लागू होते. शून्य देऊ नये, कारण शून्य म्हणजे अमर्याद.